टीव्हीवरची पापक्षमा

खिळेकाकांचं आणि मालिकेतल्या त्या सैन्याच्या फादरचं पहिल्या भागापासूनच जमलं नव्हतं.

खिळेकाका म्हणजे खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवणारे. कामाला बसले की ओठांत बारीक खिळे धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचे आणि हातोडीने ठोकायचे. गिऱ्हाईक काहीही विचारो, उत्तर फक्त 'हं' किंवा 'अंहं'. त्यामुळे गल्लीत ते अबोल म्हणून प्रसिद्ध होते. हा निव्वळ गैरसमज होता. घरी खिळे तोंडातून निघाले की काकांचा पट्टा सुरू व्हायचा, आणि गुरुवारी संध्याकाळी ती मालिका लागली की तो थांबवणं काकूंच्याही हातात नसायचं.

मालिका होती जुन्या महायुद्धातली. एक भलं मोठं बॉम्बफेकी विमान आणि त्यातली सात पोरं. रोज उठायचं, थंडीत कुडकुडत विमानात चढायचं, परक्या गावावर बॉम्ब टाकायचे आणि नशिबात असेल तर परत यायचं. बाकी लोकांना त्यात विमानं दिसायची, आग दिसायची, गणवेशातली देखणी पोरं दिसायची. काकांना चुका दिसायच्या.

"अरे उजव्या हाताने कर!" काका टीव्हीवर ओरडायचे. एका पोराने क्रूसाची खूण डाव्या हाताने केली होती. "आणि हा फादर बघ. क्षमा द्यायची तर गळ्यात पट्टा जांभळा हवा. ह्याने हिरवा घातलाय! ह्यांना विचारायला एक कॅथलिक माणूस मिळाला नाही?"

"अहो, त्यांना विमान उडवायचं होतं, चर्चमधली मिस्सा नव्हती करायची," काकू म्हणायच्या.

वरच्या मजल्यावरही हीच मालिका चालू असायची. तिथे काकांचा थोरला भाऊ राहायचा, दादा. आयुष्यभर बसवर कंडक्टरकी केलेली, त्यामुळे इंजिनाने कान गेलेले आणि टीव्ही पार मोठ्या आवाजात. त्यातून दादाचा टीव्ही जरा मागे चालायचा. खाली विमान उडालं की मग वर उडायचं. प्रत्येक वाक्य काकांना दोनदा ऐकावं लागे, एकदा समोरून आणि एकदा डोक्यावरून. पण वर जाऊन 'आवाज कमी कर' असं सांगणार कोण? दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

बंद झालं ते आईच्या मातीच्या दिवशी. आई वर दादाकडे असायची. काका शेजारच्या शहरात एका नाट्यगृहाच्या खुर्च्या बसवायला गेले होते, आणि त्या दुपारी ती गेली. गेली हे दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुसरं होतं. आई फादरविना गेली. मरणाऱ्याच्या कपाळाला फादर लावतात ते शेवटचं तेल लागलं नाही, पापक्षमा नाही, कम्युनियनचा पवित्र प्रसाद नाही. चर्च दूर असतं तर काका गप्प बसले असते. चर्च पलीकडच्या गल्लीत! दादाने खिडकीतून हाक मारली असती तरी फादर धावत आले असते. मग का नाही बोलावलंस, असं काकांनी विचारलं तेव्हा दादाने खाली मान घालून इतकंच सांगितलं, "तिला झोप लागत होती. लागू दिली."

"आयुष्यभर एक मिस्सा चुकवली नाही तिने, आणि तू तिला तशीच पाठवलीस," काका सगळ्यांसमोर म्हणाले. तेव्हापासून मधल्या लाकडी जिन्यावरून ना हा वर गेला, ना तो खाली आला. दादा बाहेर जायचा तो मागच्या लोखंडी जिन्याने.

आता माणूस भावाशी बोलत नसला म्हणून जग अडत नाही. पण काका पडले श्रद्धेचे पक्के. भावाला माफ केलेलं नाही आणि करायची इच्छाही नाही, अशा मनाने कम्युनियन घ्यायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. आधी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला जायचं, आणि कन्फेशनला जायचं तर पश्चात्ताप हवा. काकांना पश्चात्ताप होत नव्हता. चूक दादाची आणि पश्चात्ताप यांनी करायचा? म्हणून दर रविवारी सगळे कम्युनियनच्या रांगेत निघाले की काका गुडघा चोळत बाकावर बसून राहायचे. पलीकडच्या बाजूला दादाही बसून राहायचा. बसेल नाही तर काय, मन खातंय त्याला, असं काका स्वतःशी म्हणायचे आणि त्यातून थोडं समाधान करून घ्यायचे.

हे असंच चाललं असतं. पण काकांच्या नातीचं पहिलं कम्युनियन ठरलं. सगळं घर तिला चिमणी म्हणायचं, आणि चिमणीचा आवाज मात्र कावळ्याचा.

"आजोबा, माझ्या मागे तुम्ही. तुमच्या मागे मोठे आजोबा. मी फादरना सांगून ठेवलंय," ती म्हणाली. मोठे आजोबा म्हणजे दादा.

"माझा गुडघा दुखतो गं."

"रांगेत उभं राहायचंय आजोबा, पळायचं नाहीये."

काकूंनी तोंडाला पदर लावला. पोरीचं कम्युनियन रविवारी होतं, आणि तोवर काकांना एक तर मन बदलायला हवं होतं, नाही तर नातीला खरं कारण सांगायला हवं होतं. दोन्ही त्यांच्याच्याने होण्यातलं नव्हतं.

अशात तो गुरुवार आला. त्या भागात विमानाला सगळ्यात अवघड कामगिरीवर जायचं होतं. पोरांचे चेहरे पांढरे पडलेले. इंजिनं सुरू झाली, आणि तो हिरव्या पट्ट्याचा फादर धावपट्टीवर धावत आला. एकेकाचं कन्फेशन ऐकायला वेळ कुठला? त्याने हात वर केला आणि ओरडला, "ज्याला आपल्या पापांचं दुःख आहे त्याने गुडघे टेका!" तेलाने माखलेल्या जमिनीवर सातही पोरं धडाधड गुडघ्यांवर आली, आणि त्याने सगळ्यांना मिळून एकच पापक्षमा देऊन टाकली. कुणी काय केलं ते विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. ठोक भावात मोकळे!

काकू स्वयंपाकघरात होत्या. खोलीत काका एकटे. त्यांनी रिमोट मुद्दाम खाली पाडला, तो उचलायला वाकले, आणि वाकल्यावाकल्या गुडघे टेकले. आई आठवली. दादा आठवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. फादरने हवेत क्रूस काढला. काकांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. एवढ्यात वर काहीतरी धपकन पडलं. दादाची काठी पडली असेल, असं वाटून काका उठले आणि डोळे पुसून खुर्चीत बसले. फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

हलकेपणा जेमतेम जाहिराती संपेपर्यंत टिकला. कारण पुढे ती पोरं उडाली आणि त्यांनी बॉम्ब टाकले. आणि आजवर कधी केलं नव्हतं ते त्या मालिकेने केलं, कॅमेरा खाली नेला. खाली एक गाव होतं. गावाला चर्च होतं. तळघरात बायका-पोरं दाटीवाटीने बसलेली, एक म्हातारी माळ ओढत होती, आणि दिवा विझला.

काकांचं डोकं गरगरायला लागलं. हे काय झालं? वरचे क्षमा घेऊन निघाले आणि मग हे केलं. खालच्या म्हातारीने काहीच केलं नव्हतं, आणि तिच्याकडे कुठला फादर पोचला? बॉम्ब टाकायला जाणाऱ्यांच्या मागे देव धावपट्टीवर धावला, आणि माझी आई, जिने मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला केलं, तिच्यासाठी पलीकडच्या गल्लीतून येईना? आणि मी कुणाच्या बाजूने गुडघे टेकले? आणि टेकले ते टेकले, ते धरायचे की नाही? रविवारी रांगेत जायचं का?

"जेवायला या," काकू म्हणाल्या. "आणि टीव्हीकडे असे काय बघताय? त्यात आता साबणाची जाहिरात चालू आहे."

शुक्रवारी काका चर्चमध्ये काम संपवत होते. नातीच्या कार्यक्रमासाठी बाकांपुढच्या गुडघे टेकायच्या फळ्यांवर नवा फोम आणि वर तपकिरी रेक्झिन बसवायचं काम त्यांच्याकडेच होतं. जुना फोम पार पापड झालेला. फादर पाहायला आले. तरुण होते, उत्साही होते, आणि प्रत्येक फळीवर गुडघे टेकून ती तपासत होते.

"काका, ही जरा कडक वाटते. तुम्ही टेकून बघा."

काका तोंडातले खिळे डबीत ठेवून शेजारी टेकले. दोघे रिकाम्या चर्चमध्ये वेदीकडे तोंड करून फळी दाबून बघत होते. आता याहून चांगली संधी कुठली?

"फादर, एक विचारू? कन्फेशन नाही. गप्पाच."

"विचारा ना."

"टीव्हीवर कुणी पापक्षमा दिली, आणि माणसाने घरी गुडघे टेकले, तर ती लागते का?"

फादर त्यांच्याकडे बघतच राहिले. "विमानवाली मालिका? पट्टा हिरवा होता त्याचा!"

"तेच तर म्हणतो मी!" काकांना एकदम माणूस आपला वाटला.

"नाही लागत, काका. एक तर तो नट. दुसरं, टीव्हीवरून पापक्षमा होत नाही, खरा फादर असला तरी." फादरना हसू येत होतं, पण काकांचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. "आणि खरीखुरी मिळाली तरी, अशी घाईतली क्षमा मिळालेला जो जिवंत परत येतो, त्याने नंतर एकट्याने जाऊन सगळं तोंडाने सांगायचं असतं. त्यांनी तसं म्हटलं का मालिकेत?"

"लक्ष नव्हतं माझं," काका म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं हे सांगितलं नाही. मग रेक्झिनवरची सुरकुती अंगठ्याने दाबत त्यांनी विचारलं, "आणि ज्याच्याकडे कुणीच पोचलं नाही, त्याचं काय होतं?"

फादरना आईचं माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"देव तेलाच्या बाटलीसाठी खोळंबून बसतो असं मला वाटत नाही," ते म्हणाले. "पण कसं काय होतं ते मी तिथे जाऊन बघून आलेलो नाही, काका. मला माहीत नाही."

काका आणखीच गोंधळले. फादरलाच माहीत नसेल तर गादीवाल्याने काय करायचं? फळी मात्र कडक नव्हती, असं दोघांचं मत पडलं.

शनिवारी दुपारी मालिकेचा तोच भाग पुन्हा लागला. काका मुद्दाम बसले. या वेळी गुडघेबिडघे काही नाही, फक्त कान देऊन ऐकायचं होतं की तो हिरव्या पट्ट्याचा नट परत येणाऱ्यांबद्दल काही बोलतो का. काकू चिमणीचा पांढरा झगा इस्त्रीला घेऊन बसल्या होत्या. वर दादाचाही टीव्ही चालू होता, नेहमीसारखा मागून मागून.

इंजिनं सुरू झाली. फादर धावत आला. हात वर केला. "ज्याला आपल्या पापांचं दुःख आहे त्याने गुडघे टेका!" पोरं गुडघ्यांवर आली. क्षमा झाली. परत येणाऱ्यांबद्दल अक्षर नाही. काका रिमोट उचलणार, तेवढ्यात छतातून तेच वाक्य उतरलं, "गुडघे टेका!" आणि त्याच्या मागोमाग धप्. मग जरा थांबून दुसरा धप्.

काका ताठ बसले. आयुष्य फरशीवर गुडघे टेकून गाद्या ठोकण्यात गेलेलं. काठी पडल्याचा आवाज वेगळा. हे गुडघे होते, उघड्या फरशीवर, आधी धड गुडघा आणि मग आखडलेला.

"दादा टेकला," ते म्हणाले.

"काय?"

"दादा गुडघ्यांवर टेकलाय. परवाही टेकला होता. मला वाटलं काठी."

काकूंनी इस्त्री उभी केली. दोघांनी कान देऊन ऐकलं. वरचं विमान उडालं, जाहिराती लागल्या, पण उठल्याचा आवाज येईना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पुन्हा सरकल्याचा आला, आणि मग काहीच नाही.

"त्याला उठता येत नाहीये," काकू म्हणाल्या. "बसलात काय? जा की!"

काका मधल्या लाकडी जिन्याने वर गेले. जिना जुना, पायरीपायरीला कुरकुरणारा. त्याचा आवाज ऐकून कितीतरी दिवस झाले होते. दार नुसतं लोटलेलं होतं.

दादा टीव्हीपुढे गुडघ्यांवर होता. एक हात स्टुलावर, दुसरा फरशीवर, कपाळावर घाम. भावाला बघून तो दचकला, मग म्हणाला, "आत ये आणि दार लाव. शोभा नको."

"कधीपासून चाललंय हे?"

"परवापासून. परवा पलंगाला धरून उठलो. आज पलंग लांब पडला."

काकांनी टीव्ही बंद केला. मग त्यांना कळेना की आधी उठवायचं की आधी बोलायचं. "तो नट आहे," ते म्हणाले. "फादरना विचारलं मी. ते म्हणाले, लागत नाही."

"मला काय ते कळत नाही?" दादा चिडला. गुडघ्यांवर असूनही त्याची कंडक्टरकी गेली नव्हती. "पण खऱ्या फादरकडे गेलं की तो विचारतो. काय केलंस? मी सांगणार, आईला झोपू दिलं. पश्चात्ताप होतो का? आता ह्याला काय सांगू? होतो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. ह्या टीव्हीतल्याने काही विचारलंच नाही. बरं वाटलं."

काका खाली बसले, भावासमोर, फरशीवरच. आपल्यालाही अगदी असंच बरं वाटलं होतं, हे त्यांच्या ओठांवर आलं, पण बाहेर पडलं ते दुसरंच. आजवर त्यांनी कधीच नीट न विचारलेलं.

"पण का नाही बोलावलंस रे? चर्च इथे होतं."

दादाने स्टुलावरचा हात काढला आणि तोंडावरून फिरवला.

"निघालो होतो. जिन्यापर्यंत गेलो होतो. तिने हाक मारली. म्हणाली, धाकट्याचा डोळा लागलाय खाली, दमून येतो तो. जिना वाजवू नकोस."

"मी तर नाट्यगृहाला होतो."

"तिच्या ध्यानात कुठलं? तिला वाटलं तू खाली झोपलायस. मी म्हटलं, आई, तो गावाला गेलाय. तर म्हणाली, मला फसवू नकोस, बस इथे. हात धरून ठेवला. सोडवून गेलो असतो तर गेलो असतो. नाही सोडवला. मग तिला झोप लागली."

खाली काकूंची इस्त्री टेबलावर टेकल्याचा आवाज आला. ज्या तोंडाने मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, ते तोंड कुठे लपवावं असं झालं त्यांना.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?" शेवटी ते कसंबसं म्हणाले. "मी एवढं बोललो तुला."

"सांगितलं असतं तर तू ते स्वतःला लावून घेतलं असतंस. तुझ्या झोपेपायी फादर आले नाहीत, असं. तुला ओळखत नाही का मी? माझ्यावर राग धरलास, ते बरं. राग धरून माणूस जेवतो तरी." दादाने पुन्हा स्टूल धरलं. "आता उठव मला. गुडघे गेले."

काकांनी त्याच्या काखेत हात घातले. दोघंही म्हातारे, आणि उठवणाराच कलंडायला लागला. एकदा दोघं पलंगावर आदळले, दादाने शिवी दिली, काकांनी क्रूसाची खूण केली आणि घाईत ती डाव्या हाताने केली. दुसऱ्या खेपेला दादा उभा राहिला. काकांनी त्याला सोडलं नाही. उभ्याउभ्याच त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ते रडले, लहानपणी रडायचे तसे, नाक ओढत. दादा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला.

"संध्याकाळी फादर कन्फेशनला बसतात," काका नाक पुसत म्हणाले.

"काय सांगणार तू?"

"काय माहीत. माफ मी तुला करायचं की तू मला, इथूनच घोळ आहे. तू?"

"मी तर आईचं ऐकलं, एवढंच सांगतो. पुढचं त्यांनी बघावं."

चिमणी खालून ओरडली, आजोबा, माझा झगा बघायला या, मोठ्या आजोबांनाही आणा. दादाने सवयीने मागच्या लोखंडी जिन्याकडे पावलं वळवली. काकांनी त्याचं कोपर धरून त्याला लाकडी जिन्याकडे आणलं. पहिल्या पायरीशी दादा थबकला आणि त्याने चप्पल काढून हातात घेतली. मग कठड्याला धरून, कडेकडेने, फळीचा आवाज होऊ नये असं जपून पाऊल टाकायला लागला. त्या दुपारी तो इथवर येऊन असाच उभा राहिला असणार.

"घाल ती चप्पल," काका म्हणाले. "जिना वाजू दे. मी जागा आहे."